विश्वासात घेऊन विचारले असता

(नागपूर. बाल कल्याण समितीच्या कार्यालयाबाहेरचा व्हरांडा, एप्रिलमधली दुपार. बाकावर दोघं : दामिनी, मुलांच्या हेल्पलाइनची कार्यकर्ती, आणि प्रेमानंद, साध्या कपड्यातले पोलीस हवालदार.)

दामिनी : नाही, आधी तुमची फाईल दाखवा. मग पाणी प्या.

प्रेमानंद : अवो ताई, घसा सुकला माहा. एवढ्या उन्हात बुटीबोरीवरून गाडी हाणत आलो. अन् हा कूलर पाहा, नुसती गरम हवा फेकून राहिला, पाण्याचा थेंब नाही त्याच्यात. बसा नं जरा. तुमची उठबस पाहूनच मले चक्कर येऊन राहिली.

दामिनी : बसू कशी? तीन वाजता काजलचा नंबर आहे. अडीच होऊन गेले. तिचा सावत्र बाप, तो जितेंद्र, वकील घेऊन आला, पाहिला ना? जिन्याजवळ उभा आहे, इस्त्रीचा शर्ट घालून. काजलच्या आईला बाजूला बसवून ठेवलं, मान वर करू देऊन नाही राहिला तिला.

प्रेमानंद : पाहिलं. मले नमस्कार बी केला त्यानं.

दामिनी : आणि तुम्ही?

प्रेमानंद : माणूस नमस्कार करते त आपलाही हात जातेच नं वर.

दामिनी : नऊ वर्षांच्या पोरीचा हात भाजणाऱ्याला नमस्कार. वा भाऊ!

प्रेमानंद : भाजला, हे तुमचं म्हणणं. कागद काही अलगच बोलून राहिला.

दामिनी : तेच तर! वकील आत काय बोलणार, मला माहीत आहे. मघाशी मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलत होता. 'पोरगी तीन ठिकाणी तीन गोष्टी सांगते. शाळेत म्हणे बाबांनी चिमटा लावला, हेल्पलाइनला म्हणे उलथनं, पोलिसांना म्हणे चहा सांडला. सावत्र बापावर राग काढून राहिली, द्या घरी पाठवून.' आता समिती आपले कागद वाचेल तर कागदही तेच म्हणतात. आजची रात्र ती त्या घरात झोपेल भाऊ, त्याच्यासोबत. आठ दिवस बालगृहात राहून आलेली पोरगी. तो काय आरती ओवाळेल का तिला?

प्रेमानंद : मंग मी काय करू? जे पोट्टी बोलली ते लिहिलं. माह्या मनचं एक अक्षर नाही टाकलं.

दामिनी : वाचून दाखवा.

प्रेमानंद : घ्या बाप्पा. 'सदर बालिकेस विश्वासात घेऊन विचारले असता तिने सांगितले की, चहा अंगावर सांडल्याने तिचे उजवे हातास भाजले असून तिची कोणाविरुद्ध तक्रार नाही.' झालं समाधान?

दामिनी : विश्वासात घेऊन.

प्रेमानंद : हाव.

दामिनी : म्हणजे नेमकं काय केलं?

प्रेमानंद : आता हे काय विचारणं झालं ताई? सगळेच तसं लिहिते. तीस वर्षं झाले नोकरीले. म्हाताऱ्याले विश्वासात घेतो, चोराले घेतो, एखाद् वेळी पोट्ट्याले दोन ठेवून देतो अन् मंग विश्वासात घेतो. वाक्य तेच ऱ्हायते.

दामिनी : आणि त्याखाली काय आहे? तो पिवळा कागद?

प्रेमानंद : तो दवाखान्याचा. डॉक्टरनं हाताचं चित्र काढून देलं.

दामिनी : चित्र? हा कधीपासून आहे तुमच्याकडे?

प्रेमानंद : पहिल्या दिवसापासून.

दामिनी : आठ दिवस! अरे यार, भाऊ! मी त्या दवाखान्यात चार चकरा मारल्या. ते म्हणतात, पोलिसांना दिला. तुमच्या ठाण्यात पत्र दिलं, तर म्हणतात, साहेब दौऱ्यावर आहेत. आणि हा कागद तुमच्या फाईलमध्ये आराम करून राहिला!

प्रेमानंद : तुम्ही मले कधी मांगितला? पत्र ठाण्याले देलं असन, त ते ठाण्यात फिरत असन. मले फोन कराचा नं. तुमच्याजवळ माहा नंबर नाही का?

दामिनी : आहे. पत्रानं मागायची पद्धत आहे आमच्यात.

प्रेमानंद : मंग? आमच्यात बी पद्धतच हाय.

दामिनी : द्या इकडे. हे बघा, कोपराच्या खाली, आतल्या बाजूला. दोन सरळ रेघा, बोटभर अंतरानं. चहा असा सांडतो का कधी? रांगोळी घातल्यासारखा?

प्रेमानंद : मी बी पाहिलं ते. मले काय डोळे नाही? पण डॉक्टरनं रेघा काढल्या, कोणी केल्या ते थोडीच लिहिलं. वकील म्हणन, खेळता खेळता पोट्टी चिमट्यावर पडली. अन् पोट्टी स्वतःच म्हणते चहा. तुम्हीच सांगा, समिती कोणाचं ऐकन?

दामिनी : थांबा, सुभद्राबाई आल्या. काजलच्या वर्गशिक्षिका. पहिला फोन आम्हाला यांनीच केला होता. बाई, या, बसा. तुम्ही कधी आल्या?

सुभद्रा : सकाळची शाळा सुटली तशी निघाले. मी जरा वेळ काजलजवळ बसले होते, त्या खेळण्यांच्या खोलीत. बालगृहाच्या ताई आहेत तिच्यासोबत.

दामिनी : तुम्ही तिला काही विचारलं नाही ना बाई? प्लीज, नाही म्हणा.

सुभद्रा : नाही विचारलं. पण तिने मला विचारलं.

दामिनी : काय?

सुभद्रा : म्हणाली, 'बाई, बरोबर कोणतं आहे? मी तीन सांगून पाहिले.'

प्रेमानंद : तीन काय?

सुभद्रा : उत्तरं, भाऊ.

दामिनी : बाई, पाणी घ्या.

सुभद्रा : नको. आधी माझं ऐकून घ्या, नाहीतर मला सांगता येणार नाही. त्या दिवशी काजल डाव्या हाताने पाढे लिहीत होती. मी म्हटलं, अगं, तू डावखुरी कधीपासून झालीस? एवढंच. तिने बाही वर केली आणि म्हणाली, 'बाबांनी चिमटा तापवून लावला, मी दूध सांडलं म्हणून.' मी एक शब्दही पुढे विचारला नाही. मुख्याध्यापकांकडे गेले आणि तुम्हाला फोन लावला. ते तिचं पहिलं सांगणं.

दामिनी : माहीत आहे बाई. तेच खरं आहे, मलाही माहीत आहे. पण पुढं तिनं बदललं.

सुभद्रा : मी बदलायला शिकवलं.

प्रेमानंद : तुम्ही?

सुभद्रा : माझ्या वर्गात मुलाचं उत्तर चुकलं तर मी 'चूक' म्हणत नाही. कधीच नाही. पोरं कोमेजतात. मी गोडीने म्हणते, 'पुन्हा सांग बरं बाळा.' बत्तीस वर्षांची सवय आहे. मूल काय समजायचं ते समजतं आणि दुसरं उत्तर देतं. तेही चुकलं तर पुन्हा तेच, 'पुन्हा सांग बरं.' बरोबर आलं की मी पुढच्या मुलाकडे वळते. माझ्या वर्गातल्या कोणत्याही पोराला विचारा. बाई पुन्हा विचारतात म्हणजे चुकलं, दुसरं सांगायचं. मला किती अभिमान होता या गोष्टीचा! नव्या शिक्षकांनाही सांगत असे.

दामिनी : अरे देवा.

सुभद्रा : तुम्ही तिला किती वेळा विचारलं, दामिनी?

दामिनी : दोनदा. आमच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना आहे. 'माहितीची खात्री केली का?' तो भरायचा होता. मी म्हटलं, 'नक्की चिमटाच होता का गं? पुन्हा एकदा सांग बरं.' ती थांबली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, उलथनं. आणि मी लिहून घेतलं, बाई. वरून खूश झाली, की बरं झालं विचारलं, आता पक्कं झालं.

प्रेमानंद : म्हणजे पोट्टीले वाटलं का पहिलं चुकलं.

दामिनी : आणि आपण एकेक जण जाऊन तिची परीक्षा घेत राहिलो. आज आत पुन्हा विचारलं तर चौथं उत्तर देईल ती. काय सांगेल? पडली म्हणेल, स्वतःच भाजून घेतलं म्हणेल.

सुभद्रा : आपण तसं लिहून देऊ या का? घडलं तसं?

दामिनी : लिहू. आत्ताच. कोरा कागद आहे माझ्याकडे. पहिलं सांगणं तुमच्या हातचं, दुसरं माझ्या हातचं, कशानं बदललं तेही. खाली तिसरं भाऊ लिहितील, दवाखान्याचं चित्र जोडू, आणि तिघांच्या सह्या.

प्रेमानंद : शाळा, संस्था अन् पोलीस, एका कागदावर? असा नमुनाच नाही ताई.

दामिनी : नमुना नाही तर नाही. बाई, तुम्ही सुरू करा. ही माझी फाईल कागदाखाली घ्या, लिहायला बरं पडेल. पावणेतीन झाले. लवकर, बाई.

सुभद्रा : लिहिते आहे. तू अशी डोक्यावर उभी राहू नकोस गं, अक्षर बिघडतं माझं.

दामिनी : तोपर्यंत भाऊ, तुम्ही सांगा. काजलला कुठं विचारलं?

प्रेमानंद : तिच्या घरी.

दामिनी : कोणत्या कपड्यात?

प्रेमानंद : आता ताई...

दामिनी : वर्दीत गेले होते?

प्रेमानंद : ड्यूटीवरूनच गेलो न सीधा. महिला शिपाई सोबत पाहिजे, साधे कपडे पाहिजे, मले नेम माहीत हाय. पण ती बाई बंदोबस्तात लागली होती. मी काय घरून कपडे बदलून येऊ का? उशीर झाला असता त तुम्हीच बोंबलल्या असत्या, का पोलीस आलेच नाही.

दामिनी : आणि जितेंद्र?

प्रेमानंद : होता.

दामिनी : कुठं?

प्रेमानंद : घरीच होता. त्याच्यावालंच घर हाय.

दामिनी : हे लिहा. एवढंच लिहा. वर्दीत होतो, तो समोर होता.

प्रेमानंद : तुम्हाले समजते का तुम्ही काय मांगून राहिल्या? हे लिहिलं का उद्या साहेब माहा खुलासा मांगन. सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत नाव हाय माह्यं, दोन वर्षं राहिले नोकरीचे. बायकोनं अख्ख्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं. पोट्टा विचारते, बाबा, खांद्यावर स्टार कधी लागते? अन् मी माह्याच हातानं लिहून देऊ, का मी गलती केली?

दामिनी : मी नाही लिहून देऊन राहिली? बाई नाही लिहून राहिल्या?

प्रेमानंद : तुमची संस्था तुम्हाले काय करन? समज देईन. बाईले त कोणी बोलणारच नाही. आमच्यात तसं नसते.

सुभद्रा : त्यांचं बरोबर आहे, दामिनी. आपलं आणि त्यांचं सारखं नाही. जोर करू नकोस.

दामिनी : मग काय करू बाई? हात जोडू? तिसरं सांगणं कोरं राहिलं तर वकील तेच धरून बसेल. पोलिसांचा कागद, त्यावर 'विश्वासात घेऊन'! आपल्या दोघींचं म्हणणं पोरीच्या बाजूच्या बायांचं म्हणून बाजूला ठेवतील. जाऊ द्या. तुमची यादी सांभाळा भाऊ. तिथं गेले होते कशाला, सही घ्यायलाच ना?

प्रेमानंद : मले शिकवू नका ताई! मी गेलो होतो. भर दुपारी. तुम्ही त फोनवर होत्या. दोन घरं चुकलो, लोकाइले विचारत विचारत गेलो. गेल्याबरोबर त्यानं दारात खुर्ची टाकली. या साहेब, बसा साहेब. पोट्टी आतून आली, हात मांगं लपवून. मी चांगल्या तोंडानंच विचारलं, काय झालं वं बेटा हाताले? ती काही बोलेना. तो मांगं दाराले टेकून उभा. मी परत विचारलं. ती त्याच्याकडं पाहे, माह्याकडं पाहे. मंग मी आणखी एकदा...

दामिनी : मग?

प्रेमानंद : काही नाही.

सुभद्रा : सांगा भाऊ. काय झालं मग?

प्रेमानंद : मंग तिनं माह्या हाताकडं पाहिलं, बाई.

सुभद्रा : हाताकडे?

प्रेमानंद : माह्या हातात कप होता. चहाचा. त्यानंच करून देला होता. पोट्टीनं त्या कपाकडं पाहिलं अन् म्हणे, चहा सांडला.

दामिनी : आणि तुम्ही?

प्रेमानंद : मी लिहून घेतलं. तिचा अंगठा घेतला. उरलेला चहा पेलो अन् निंघालो. खरं सांगतो, तवा मले काहीच नाही वाटलं. आत्ता बोलता बोलता समजून राहिलं. तिच्यासमोर जे दिसलं तेच तिनं सांगितलं न. मी सरबत पेत असतो त सरबत म्हटलं असतं तिनं.

सुभद्रा : तिला सही येते, भाऊ. छान करते सही. अंगठा कशाला घेतला?

प्रेमानंद : उजवा हात चालून नव्हता राहिला तिचा.

दामिनी : चौदा नंबर पुकारला. पुढचे आपण. भाऊ...

प्रेमानंद : द्या तो कागद. पेन द्या. नाही, तुम्ही नका सांगू, मी लिहितो. 'दिनांक अठरा रोजी सदर बालिकेस विश्वासात...' हट्! बाई, खोडू का हे? का नवीन कागद घेऊ?

सुभद्रा : आडवी रेघ मारा आणि बाजूला सही करा. खोडलेलं दिसलं तर काही बिघडत नाही.

प्रेमानंद : 'मी गणवेशात होतो. सोबत महिला कर्मचारी नव्हती. ज्याचेविरुद्ध माहिती होती तो जितेंद्र तिचे मागे उभा होता. मी तिला तीन वेळा विचारले. त्याने दिलेला चहा माझे हातात होता व तिने कपाकडे पाहून चहा सांडला असे सांगितले.' चालते का एवढं?

दामिनी : चालते, भाऊ.

प्रेमानंद : मावशी आली का तिची? नाही त एवढं करून पोट्टी परत बालगृहातच जाईन.

दामिनी : प्रीतीमावशी? आली. उमरेडवरून पहिल्या एसटीनं आली, तिकडे खिडकीजवळ बसली आहे. घरी हातमाग आहे, दोन लेकरं आहेत. बाल संरक्षणवाल्यांनी परवा घर पाहून अहवाल दिला, चांगला आहे. तोही फोन करून मागवला मी, पत्र नाही लिहिलं. भाऊ, तुम्हाला बोलावून राहिले.

प्रेमानंद : मले? एकट्याले?

दामिनी : आधी पोलीस म्हणतात. कागद तुम्हीच घेऊन जा.

प्रेमानंद : शर्टाची कॉलर ठीक आहे का, बाई?

सुभद्रा : ठीक आहे. जा.

दामिनी : वकीलही गेला आत. जितेंद्रही. बाई, यांनी आत जाऊन फिरवलं तर? 'या बायांनी माझ्याकडून लिहून घेतलं' असं म्हटलं तर?

सुभद्रा : नाही म्हणणार. बस तू.

दामिनी : बसता येऊन नाही राहिलं मला. ती बघा, मेघा उठली. काजलची आई. कुठं चालली? खेळण्यांच्या खोलीकडे. थांबवते तिला, काहीतरी पढवून ठेवेल पोरीला.

सुभद्रा : थांब जरा. ती आत जात नाहीये. दारातून बघते आहे नुसती.

दामिनी : आठ दिवसांत एकदा तरी बोलली का ती पोरीच्या बाजूने?

सुभद्रा : नवरा बाजूला होता तोवर कशी बोलणार? आत्ता तो आत गेला तेव्हा कुठे उठली. मला तिचा राग येतो, आणि तरी रडूही येतं बघ.

दामिनी : वीस मिनिटं झाली. काजललाही आत नेलं. बाई, तिला विचारून राहिले असतील.

सुभद्रा : मला नको सांगूस ते.

दामिनी : पंचवीस. भाऊच्या एका कागदाला एवढा वेळ? आले! आले बघा. भाऊ, काय झालं? पटकन बोला.

प्रेमानंद : मावशीकडं देऊन राहिले. आजच. जितेंद्रनं तिकडं फिरकायचं नाही. गुन्हा दाखल करा म्हणून ठाण्याले पत्र काढून राहिले. मायले भेटता येईन, पण इथं येऊन, यांच्यासमोर.

दामिनी : खरं?

प्रेमानंद : आता सहीचा कागद आणते बाबू, मंग पाहा.

सुभद्रा : उमरेडला म्हणजे माझ्या वर्गातून गेली ती. जाऊ दे. काजलला काय विचारलं हो त्यांनी?

प्रेमानंद : काहीच नाही. अध्यक्ष मॅडमनं जवळ बसवलं अन् म्हणे, तू पहिल्यांदा बाईले सांगितलं ते आम्ही वाचलं, ते बरोबर आहे. बस, एवढंच.

दामिनी : मग एवढा वेळ काय करून राहिले होते?

प्रेमानंद : मले विचारून राहिले होते. चहा कोणी देला, तो कुठं उभा होता, पोट्टीनं कुठं पाहिलं. एकदा मॅडमनं विचारलं. मंग बाजूच्या मेंबरनं तेच विचारलं. मंग त्या वकिलानं, माह्या अंगावर येऊन.

दामिनी : तुम्ही काय सांगितलं?

प्रेमानंद : तिन्ही खेपा तेच सांगितलं, जे लिहिलं ते. पण खरं सांगू का ताई, तिसऱ्यांदा विचारलं तवा मले बी वाटून गेलं, का आपलंच काहीतरी चुकून राहिलं.